वेस्टेड इयर्स आणि बीकेसीची धूळ

आज कामासाठी बीकेसीला, म्हणजे मुंबईच्या वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सला गेलेलो. बुलेट ट्रेनच्या स्टेशनचं खोदकाम चालूये, जिकडे बघावं तिकडे पत्रे आणि क्रेन. रिक्षावाल्याला सांगणार होतो की इथेच बाजूला आम्ही आयर्न मेडन, तो ब्रिटिश हेवी मेटल बँड, लाइव्ह बघितलेला, पण तो फोनवर कोणाशी तरी भांडत होता, मग राहिलं. म्हणून आता रात्री लिहित बसलोय.

१ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. त्यांची ती 'समव्हेअर बॅक इन टाइम' टूर सुरूच झाली मुंबईतून, हे सांगताना अजूनही असा आव आणतो की मीच बोलावलेलं त्यांना. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः पायलट, बोइंग ७५७ मध्ये बँड, क्रू, अँप्लिफायर, सगळं एकत्र भरून लंडनहून आलेले. आणि आम्ही आलेलो डोंबिवलीहून फास्ट लोकलने, कुर्ल्याला उतरून चालत, सगळे काळ्या टीशर्टात. गेटवर सिक्युरिटीने चिल्लरसुद्धा काढून घेतली, स्टेजवर फेकू म्हणून. आत धूळ एवढी की दुसऱ्या दिवशी नाक शिंकरलं तर काळं.

शोच्या सुरुवातीचं चर्चिलचं भाषण स्पीकरवर सुरू झालं आणि पुढचं काही सलग आठवतच नाही खरं सांगायचं तर, तुकडे तुकडे आठवतात. 'द ट्रूपर' गाण्याला ब्रूस ब्रिटिश सैनिकाचा लाल कोट घालून युनियन जॅक फडकवतोय आणि हजारो मराठी गुजराती मल्लू पोरं त्याला बघून बेंबीच्या देठापासून ओरडतायत. बेचाळीसला भूमिगत असलेल्या माझ्या आजोबांनी बघितलं असतं तर कानाखालीच दिली असती.

गाण्याचे शब्द मात्र आम्हाला सगळे पाठ. सायबर कॅफेत पानाला पाच रुपये देऊन प्रिंट काढायचो, कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचो. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' तर तीन पानं, पंधरा रुपये. कोलरिजची १७९८ ची कविता, बँडचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसने तिचं १३ मिनिटांच्या वरचं गाणं केलं, मध्ये सगळं थांबतं, नुसतं जहाजाचं लाकूड करकरतं आणि कवितेच्या ओळी ऐकू येतात. तेव्हा माझ्या बाजूचा एक जाड चष्मेवाला अनोळखी मुलगा डोळे मिटून अख्खं कडवं म्हणत होता, आरतीला म्हणतात तसं. तोंडी परीक्षेला एक ओळ न आठवणारी पोरं आम्ही, पण तिथे कोण चुकतच नव्हतं.

पण माझं गाणं 'वेस्टेड इयर्स'. १९८६ चं, गिटारिस्ट एड्रियन स्मिथचं, सतत टूरवर राहून घराची आठवण येते त्याबद्दलचं. त्यात म्हणतो की वाया गेलेली वर्षं शोधत फिरू नकोस, आत्ता जगतोयस तीच तुझी सोन्याची वर्षं. तेव्हा हे मी उड्या मारत, मित्राच्या खांद्याला धरून ओरडून म्हणलेलं, अर्थाबिर्थाचा विचार कोण करतो, केट्या होत्या दोन, म्हणजे दोन विषय राहिलेले, नोकरीचा पत्ता नव्हता, कसली सोन्याची वर्षं. आज येताना हेडफोनवर तेच लागलं आणि जरा टोचलंच, कारण तो सांगतोय जुनी वर्षं उकरू नकोस आणि मी रात्री साडेअकराला हेच करतोय, बायकोने दोनदा विचारलं लाइट कधी बंद करणार.

बरं, हल्ली कॉन्सर्टला मोबाईलच वर असतात वगैरे रडगाणं मला गायचं नाहीये. आमच्याकडे चांगला कॅमेरा असता तर आम्हीपण तेच केलं असतं. माझ्याकडे त्या दिवसाचा एकच फोटो आहे, त्यात एका माणसाचं डोकं आणि लांब एक पिवळा ठिपका. तो ठिपका म्हणजे ब्रूस असं मी पोरीला सांगतो, ती म्हणते बाबा तो दिवा आहे.

आत्ता त्याच मित्राला मेसेज टाकला, तो टोरंटोला असतो, तिकडे दुपार. म्हणतो शेवटचं गाणं 'फिअर ऑफ द डार्क' होतं. अरे बाबा, 'हॅलोड बी दाय नेम' होतं, ते संपल्यावर तर आपण धावलो स्टेशनकडे, तुझी चप्पल तुटलेली. तर म्हणे चप्पल नाही, बूट होते. आता त्याने त्याच्या भावाला पण ग्रुपमध्ये घेतलंय, जो आलाच नव्हता.