भुऱ्याचं ऑपरेशन आणि ती "रात्री 8 नंतर काही देऊ नका"ची सूचना : माझा अनुभव

आधीच सांगून टाकतो, तुमच्या गिनीपिगचं ऑपरेशन उद्या-परवावर असेल तर बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, पण त्याला उपाशी ठेवू नका. कोणी छापील कागद दिला तरी नाही, काउंटरवरून फोनवर सांगितलं तरी नाही. मी ठेवला होता, 16 तास, आणि त्याचा राग अजून जात नाही म्हणून हे लिहून राहिलो.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातले, पऱ्हाटी-तुरीचं वावर, गोठ्यात चार जनावरं. जूनमध्ये पोरीसाठी नागपूरहून गिनीपिगची जोडी आणली, काळी आणि भुऱ्या, दुकानदार म्हणे दोन्ही माद्या आहेत. सप्टेंबरात काळीनं तीन पिल्लं दिली, जन्मतःच डोळे उघडे, अंगभर केस, थोड्या वेळात पळायला पण लागली. तेव्हा कळलं की भुऱ्या नर आहे. त्याच दिवशी संध्याकाळी त्याला वेगळं केलं, पण मादी व्याल्यावर काही तासांतच परत गाभण राहू शकते हे आम्हाला कुठं माहीत, नोव्हेंबरात आणखी दोन. पिल्लं सगळी चांगल्या घरी गेली (नर पिल्लं 3 आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करायचीच, तेवढ्या वयात ती पण नर म्हणून तयार होतात). पण भुऱ्या एकटा कॅरेटमध्ये बसून राहायचा, तोंड भिंतीकडे, शिट्ट्या बंद. हे कळपात राहणारं जनावर आहे, एकटं सुकून जाते. मग ठरवलं, याचं खच्चीकरण करायचं आणि काळीसोबत परत ठेवायचं. मादीचं ऑपरेशन पोट उघडून करावं लागते, नराचं त्यामानानं सोपं.

तालुक्याच्या सरकारी डॉक्टर साहेबांनी सरळ सांगितलं की बैलाचं मी चिमट्यानं करतो, याचं माझ्याकडे होणार नाही. भूल गॅसची पाहिजे, आणि या जनावराची जांघेतली वाट जन्मभर उघडीच राहते, वृषण तो पोटात ओढून पण घेतो, म्हणून ऑपरेशनच्या वेळी ती वाट नीट बंद केली नाही तर आतडं खाली उतरू शकते. लहान जनावरं पाहणाऱ्यालाच दाखवा म्हणाले. नागपूरचा एक खाजगी दवाखाना मिळाला, 20 डिसेंबरची तारीख मिळाली, इथवर काहीच त्रास नाही.

त्रास सुरू झाला 18 तारखेला, मोबाईलवर दवाखान्यातून एक सूचनापत्रक आलं तेव्हा. त्यात तिसऱ्या नंबरला लिहिलं होतं, "ऑपरेशनच्या आदल्या रात्री 8 नंतर अन्नपाणी देऊ नये." मला जरा शंका आली कारण हा प्राणी दिवसरात्र थोडं थोडं खातच असतो, मी कधी त्याला दोन तास पण न खाता पाहिला नव्हता. म्हणून मुद्दाम फोन लावला, विचारलं, हे कुत्र्या-मांजरासाठी आहे की गिनीपिगला पण लागू आहे. पलीकडून उत्तर आलं, "सगळ्या प्राण्यांना सेमच असतं सर." पुढं बोललो तर म्हणे कागदावर लिहिलं आहे ना. मी ऐकलं. कागद होता, शहरातला दवाखाना होता, आपण कोण शंका घेणारे असं वाटलं.

19 च्या रात्री 8 ला मी गवत काढलं, पाण्याची बाटली काढली, पेलेटची (तयार दाणेदार खाद्याची) वाटी काढली. साडेनऊला शिट्ट्या सुरू झाल्या. ज्यांनी ऐकली त्यांना माहीत आहे ती शिट्टी कशी असते, कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज आला की जी मारतात ती. आमच्या घरी कोणी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलं तरी तो उभा राहून शिट्टी मारायचा. माय उठून आली, म्हणाली, "अरे भुकेला हाय ना तो, थोडंसं गवत टाक नं, काय होते." मी म्हटलं, "नाही माय, डॉक्टरनं नाही म्हटलं हाय, भुलीत उलटी झाली तर मरून जाईन." ती गप्प बसली पण झोपली नाही. पोरगी पण नाही. पहाटे 3 च्या सुमाराला शिट्ट्या थांबल्या आणि मला वाटलं झोपला असेल.

सकाळी 6 ला निघालो, कॅरेटमध्ये टॉवेल, वर गोणपाट, जामच्या चौकात एकदा थांबलो, मग बुटीबोरी, मग नागपूर. 9 ला पोचलो. नंबर 10 चा होता तो 12 ला पण आला नाही, मध्ये एका कुत्र्याची इमर्जन्सी आली, ते मी समजू शकतो. पण त्या तीन तासांत मी दोनदा काउंटरवर जाऊन म्हटलं, माझं जनावर रात्री 8 पासून उपाशी आहे, आणि दोन्ही वेळा "हो हो, चांगलं केलं" असंच उत्तर मिळालं. साडेबाराला आत गेलो. सर्जन मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटचं कधी खाल्लं यानं?" मी अगदी बरोबर काम केल्यासारखं सांगितलं की रात्री 8 ला, त्यानंतर एक काडी नाही, पाणी पण नाही. मॅडमचा चेहराच बदलला. त्यांनी पोटाला स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंनी बराच वेळ ऐकलं, मग म्हणाल्या, आज ऑपरेशन होणार नाही.

त्यांनी जे समजावलं ते जसंच्या तसं सांगतो. गिनीपिगला उलटी करताच येत नाही, त्याचं शरीरच तसं नाही, त्यामुळं उलटीच्या भीतीनं उपाशी ठेवण्यात काही अर्थच नाही. उलट त्याचं आतडं सतत चारा पुढं सरकत राहिला तरच चालते, चारा थांबला की आतडं मंदावते, गॅस धरते, आणि त्यात भुलीचा ताण पडला तर जनावर ऑपरेशननं नाही, नंतर पोट बंद पडून जाते. भूल द्यायच्या अगोदर फारतर तास-दीड तास चारा थांबवतो आणि तोंडात उरलेला चारा साफ करतो, बस. मी मोबाईल काढून तो कागद दाखवला. त्यांनी वाचला, माफी मागितली, मनापासून मागितली हे मी मान्य करतो. पण बाहेर काउंटरवर काय ऐकायला मिळालं, "तुम्ही नीट विचारायला पाहिजे होतं." मी विचारलं होतं! माझ्या फोनमध्ये 18 तारखेचा कॉल अजून आहे. 300 रुपये केसपेपरचे घेतले ते घेतलेच. पुढची तारीख 2 जानेवारी.

तिथंच बाकावर बसून मी त्याला कोथिंबीर दिली. आधी नुसती हुंगली, खाल्ली नाही, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. अर्ध्या तासानं एक पान खाल्लं. पैसा आणि एक दिवस गेला त्याचं काही नाही, पण तो रात्रभर मागून राहिला आणि मी घरात असून दिलं नाही, ते मनातून निघत नाही.

2 जानेवारीला मी कॅरेटवर लाल पेननं पुठ्ठा लावला, "गिनीपिग आहे. उपाशी ठेवू नये." गवत, कोथिंबीर, त्याच्या रोजच्या पेलेटचा डबा सगळं सोबत नेलं, हे न्याच, शुद्धीवर आल्यावर ओळखीचंच खातो. ऑपरेशन व्यवस्थित झालं, बिल 4,500 आलं, चारला घरी निघालो.

खरी मेहनत पहिल्या रात्रीची. 9 वाजेपर्यंत काहीच खाल्लं नाही, लेंड्या पण नाहीत. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे पेलेट कोमट पाण्यात भिजवून, घोटून, सुईशिवायच्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं थोडं थोडं दिलं, दर दोन-तीन तासांनी, घाई केली तर श्वासनळीत जाते. थंडी कडक होती म्हणून बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली, नको वाटलं तर सरकता येईल एवढी जागा सोडून. रात्री 2 ला त्यानं स्वतःहून गवत ओढलं आणि मायनं देवापुढं दिवा लावला. दहा-बारा तास खाल्लं नाही, लेंड्या थांबल्या, अंग फुगवून कोपऱ्यात दात कराकरा वाजवत बसला, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच डॉक्टर.

खाली कुटार किंवा भुसा टाकायचा नाही, टाक्यांना चिकटते आणि पू धरते. आम्ही बाबांची जुनी सुती धोतरं फाडून टाकली, दिवसातून दोनदा बदलायची. रोज सकाळी उलटा न करता, छातीशी उभा धरून टाके पाहायचे. पाचव्या दिवशी तुरीच्या दाण्याएवढी गाठ लागली, मी घाबरून फोटो पाठवला, मॅडम म्हणाल्या आतल्या टाक्याची असू शकते, रोज पाहा, वाढली, गरम लागली किंवा ओली झाली तर या. वाढली नाही. वजन किचनच्या काट्यावर रोज एकाच वेळी करून कॅलेंडरवर लिहायचं, आमचं 1,050 ग्रॅमवरून तिसऱ्या दिवशी 990 वर आलं आणि दहाव्या दिवशी परत 1,040.

एक फार महत्त्वाचं राहिलं. औषधं मॅडमनी दिली तीच द्या, मेलॉक्सिकॅम दुखण्यासाठी आणि एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक. गाठ आली तेव्हा आमच्या मेडिकलवाल्यानं चांगल्या मनानं अमॉक्सिसिलिन काढून दिलं होतं, लेकरांना देतो तेच. पेनिसिलिनच्या घरातली ही औषधं तोंडानं दिली तर गिनीपिगच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि जनावर जाते. नाही घेतलं म्हणून वाचला. आणि याला व्हिटॅमिन सी स्वतः बनवता येत नाही, जखम भरायला ते लागतेच, ढोबळी मिरची आणि पेरूची फोड रोज देत होतो. शक्य असेल तर ऑपरेशन थंडीतच करून घ्या, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हा प्राणी धडधाकट असताना पण कूलरसमोरून हलत नाही.

दहा दिवस झाले की घरचे म्हणतात आता सोडा दोघांना. सोडायचं नाही. आत नळीत बीज उरलेलं असते, मॅडमनी पूर्ण 6 आठवडे सांगितले. कॅरेट बाजूबाजूला ठेवले पण वीतभर अंतर सोडून.

मधल्या तपासणीला गेलो तेव्हा काटोलकडून एक बाई ससा घेऊन आल्या होत्या, हातात तोच कागद, तिसरा नंबर तोच. सशाला पण उलटी होत नाही. मी उठून त्यांना सांगितलं आणि मग तो कागद घेऊन सरळ मॅडमच्या टेबलावर ठेवला. आता मोबाईलवर येणाऱ्या सूचनेत त्या ओळीपुढं "फक्त कुत्रा व मांजर" असं आहे, मागच्या आठवड्यात मागवून पाहिली.

13 फेब्रुवारीला सकाळी अंगणात सतरंजी टाकून दोघांना सोडलं. काळीनं आधी त्याला दोनदा हाकललं. मग पोरीनं मधोमध कोथिंबिरीची जुडी ठेवली, दोघं दोन टोकांनी खायला लागले, आणि भुऱ्यानं कितीतरी दिवसांनी शिट्टी मारली.