अडीअडचणीला असू दे

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार होती आणि बैठकीच्या खोलीतल्या घड्याळाने पावणेतीनला मान टाकली. घड्याळाला पेन्सिल सेल लागतो, घरात सुटा सेल नव्हता, आणि त्या उन्हात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाण्याइतकी माझी घड्याळावर माया नव्हती. तेव्हा गेली कित्येक वर्षे अशा वेळी मी जे करत आले आहे, तेच केले. दाराजवळच्या चपलांच्या कपाटावरून निळी पिशवी खाली काढली.

ही आमची आणीबाणीची पिशवी. घरातून एकाएकी बाहेर पडावे लागले, किंवा दोनतीन दिवस घरातच अडकून राहावे लागले, तर शोधाशोध नको म्हणून भरून ठेवलेली. तिच्यात राखीव सेलांचे एक पाकीट आहे हे मला पक्के आठवत होते. पाकीट होतेही, फक्त त्याचे चारही कप्पे रिकामे होते. दोन सेल टीव्हीच्या रिमोटला गेले, एक वजनकाट्याला आणि एक याच घड्याळाला मागच्या खेपेला. चोर घरातलाच होता आणि तो मीच होते. मग टॉर्चमधले सेल काढू म्हटले, तर टॉर्चचे झाकण फिरेना. फडके धरून जोर लावला तेव्हा ते निघाले आणि आतून पांढरी भुकटी ओट्यावर सांडली. सेल फुगून नळीला चिकटले होते आणि स्प्रिंगवर हिरवट कीट चढले होते. वापरात नसलेल्या टॉर्चमधले सेल काढून वेगळे ठेवावेत, नाहीतर ते आतल्या आत झिजत राहतात आणि शेवटी पाझरतात, हे मला उत्तम माहीत आहे. मी ते चार लोकांना सांगतही असते. लिंबाची फोड चोळून स्प्रिंग साफ करता येते, हेही त्यांना सांगते. तेवढे मात्र त्या दुपारी मी खरोखरच केले.

पिशवी उघडलीच होती, म्हणून मग सगळीच पालथी घातली.

आमच्या घरात अशी पिशवी पहिल्यांदा पाहिली ती मी सात वर्षांची असताना, १९७१ च्या डिसेंबरात. आम्ही गिरगावातल्या चाळीत राहत होतो. युद्ध सुरू झाले, भोंगे वाजू लागले, खिडक्यांच्या काचांवर खळ लावून काळे कागद चिकटवले गेले आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला दिसू लागला. भोंगा वाजला की दिवे मालवून सगळ्यांनी जिन्याखाली जमायचे, असे चाळीत ठरले होते. आईने एका जाड कापडी पिशवीत रेशनकार्ड, सोन्याची पुडी, एक चादर, काडेपेटी, मेणबत्त्या आणि डालडाच्या रिकाम्या डब्यात भरलेली कडबोळी असे सामान घालून ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली. कुणी विचारले की ती म्हणायची, "अडीअडचणीला असू दे."

युद्ध ३ तारखेला सुरू झाले आणि १६ तारखेला संपले. आमची कडबोळी ६ तारखेला संपली. अंधारात जिन्याखाली बसल्यावर आम्हा भावंडांना करण्यासारखे दुसरे काही नसे, आणि डब्याचे झाकण आवाज न करता कसे उघडायचे हे माझ्या भावाला साधले होते. आईने डबा पुन्हा भरला. तोही संपला. तिसऱ्या खेपेला तिने त्यात कच्चे पोहे भरले, आणि ते मात्र युद्धबंदीपर्यंत टिकले. आणीबाणीच्या पिशवीत खायचे काय ठेवावे याबद्दल मी पुढे बरेच वाचले आहे. टिकाऊ असावे, शिजवावे लागू नये, पाणी फार मागू नये, असे सगळे सांगतात. पण ते फारसे आवडते नसावे, ही गोष्ट कोणीच लिहीत नाही. माझ्या पिशवीतली राजगिऱ्याची चिक्की दर दीडदोन महिन्यांनी नाहीशी होते. शेंगदाण्याची ठेवून पाहिली, ती आठवडाभरच राहिली.

एरवी साठवणीची आपल्याला काही नवलाई नाही. कोकणात आजीकडे मे महिन्यात जी धांदल उडे, तिला आगोटीची तयारी म्हणत. लाकडे पडवीत रचली जात, मीठ मडक्यात भरले जाई, आमसुले, सांडगे, फणसपोळी, कुळीथ, दिव्याचे तेल यांची बेगमी होई आणि मग आजी पावसाची वाट पाहत निर्धास्त बसे. मात्र त्या साठवणीत आणि माझ्या निळ्या पिशवीत एक मूलभूत फरक आहे. पाऊस येणारच असे, आणि बेगमी खाण्यासाठीच केलेली असे. श्रावणात सांडग्यांचा डबा रिकामा होणे हा त्या डब्याचा मानच होता. पिशवीचे तसे नाही. ती भरायची मन लावून आणि कधी उघडावी लागू नये अशी इच्छा करायची, हे आपल्या स्वयंपाकघराच्या स्वभावात बसत नाही. वस्तू आहे आणि ती कोणी वापरत नाही, हे दृश्य मला बघवत नाही. पाण्याचेच पाहा. माणशी दिवसाला साधारण चार लिटर पाणी धरावे असे म्हणतात, म्हणजे आम्हा तिघांचे तीन दिवसांचे ३६ लिटर झाले. ते मी एकदा कॅनमध्ये भरून पलंगाखाली ठेवले होते. पण पाचव्या दिवशी ते शिळे वाटू लागले आणि दहाव्या दिवशी झाडांना घातले गेले. पहाटे नळ आला की कालचे पाणी ओतून ताजे भरायचे, हा चाळीतला संस्कार आहे. पाणीकपातीच्या बातम्या वाचत वाचतही हात तेच करतात.

निळी पिशवी घरात आली ती २००५ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे गरज पडून गेल्यावर. त्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला अवघा ७३. माझी बँक फोर्टात होती आणि घर गोरेगावला, म्हणजे मी ७३ मिलिमीटरच्या शहरातून ९४४ मिलिमीटरच्या शहराकडे निघाले होते आणि चर्चगेटला गाडीत बसताना मला याची सुतराम कल्पना नव्हती. गाडी माटुंग्याच्या पुढे जी थांबली ती थांबलीच. रात्र आम्ही बायकांच्या डब्यात काढली. त्या रात्री प्रत्येकीच्या पर्समधून काय काय निघाले हे अजून आठवते: सेफ्टी पिना, सुईदोरा, क्रोसिन, आवळासुपारी, घडी घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, उरलेली अर्धी पोळी, ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे. एकीकडे मेथीची जुडी होती. तिचे मात्र कोणालाच काही करता आले नाही. रोज लोकलने जाणारी बाई आपत्कालीन साहित्य खांद्याला लावूनच हिंडत असते, फक्त ती त्याला पर्स म्हणते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी पोहोचले तेव्हा यजमान मेणबत्ती शोधत होते. ती कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हते. ते फक्त मला माहीत होते, आणि मी माटुंग्याला होते. सामान असणे आणि ते कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी कळले, आणि पिशवी दाराजवळ आली.

तिच्यातल्या पाकिटाची कथा सांगायला मला अजून लाज वाटते. वीज नसली की कार्ड चालत नाही, म्हणून थोडी रोकड ठेवावी हे बरोबरच होते. मी पाचशेच्या चार नोटा पाकिटात घालून ते औषधांच्या खाली सरकवले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री त्या नोटा रद्द झाल्या. पुढचे दोन महिने मी काउंटरवर बसून रात्री उशिरापर्यंत लोकांच्या जुन्या नोटा मोजत होते, फॉर्म तपासत होते, 'घरात नीट शोधा, काही राहिले असेल तर ३० डिसेंबरच्या आत भरा' असे येणाऱ्या प्रत्येकाला बजावत होते. माझ्या चार नोटा मला सापडल्या पुढच्या जूनमध्ये, पावसाळ्याआधी पिशवी तपासताना. त्या अजूनही तिथेच आहेत. शेजारी आता दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा असतात. निदान असायला हव्यात, कारण रिक्षावाल्याला सुटे नसले की मी कुठे हात घालते हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

ऑक्टोबर २०२० मध्ये, १२ तारखेला सकाळी, सगळ्या मुंबईची वीज गेली तेव्हा पिशवीला खरी संधी आली होती. गाड्या थांबल्या, लिफ्ट थांबल्या, आमच्या इमारतीचा पंप बंद पडला आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी तासाभरात तळाला गेले. मी मोठ्या ऐटीने पिशवीतली पॉवर बँक काढली. ती पूर्ण उतरलेली होती. ती भरून ठेवायला वीज लागते, आणि वीज असते तेव्हा तिची आठवण होत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ येणार म्हणून पिशवी प्रथमच अगदी सूचनाबरहुकूम सज्ज केली होती: कागदपत्रांच्या प्रती दुहेरी प्लास्टिकमध्ये, आठवडाभराच्या रक्तदाबाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटे, आणि ती संपली तर काय करायचे याची चिठ्ठी. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले आणि मुंबई बचावली. दुपारी आभाळ निवळू लागले तेव्हा जीव भांड्यात पडला हे खरेच; पण एवढी नेटकी भरलेली पिशवी कोणी पाहिलीच नाही, याची बारीकशी हळहळही वाटली, हे कबूल केलेले बरे. रायगडात त्या दिवशी लोकांची घरे आणि नारळी-पोफळीच्या बागा गेल्या, हे संध्याकाळी बातम्यांत पाहिले आणि स्वतःचीच शरम वाटली.

गाडीतले साहित्य हे यजमानांचे खाते. डिकीत स्टेपनी, जॅक, जम्पर केबल, टोइंगचा दोर, लाल त्रिकोण आणि गाडीबरोबर मिळालेली प्रथमोपचाराची पेटी असे सगळे कुणी तपासायला येणार असल्यासारखे रचलेले असते. त्या पेटीतल्या चिकटपट्ट्या आता चिकटत नाहीत. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत औषधे ठेवू नयेत, हा माझा आग्रह त्यांनी मानला; पाण्याची बाटली दर आठवड्याला बदलावी, हाही मानला. वाद झाला तो हातोडीवरून. काच फोडायची ती छोटी, टोकदार हातोडी, जिच्या दांड्यात पट्टा कापायचे पाते असते, ती त्यांनी इतर अवजारांबरोबर डिकीत ठेवली होती.

त्या २६ जुलैला काही माणसे आपल्याच गाडीत, बंद काचांआड गेली. पाणी चढत गेले, विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलपे अडकली, दारे उघडेनात. घराच्या वाटेवर, ओळखीच्याच रस्त्यांवर हे झाले. दुसऱ्या दिवशी सांताक्रूझजवळ महामार्गावर वेड्यावाकड्या उभ्या राहिलेल्या गाड्यांमधून मी चालत आले होते. काही गाड्यांच्या काचांना आतून वाफ धरली होती, आणि मी मान वळवून पुढे गेले. आत कोणी होते की नाही हे मी पाहिले नाही. हातोडी तेव्हापासून चालकाच्या दाराच्या कप्प्यात असते. समोरच्या काचेवर मारून उपयोग नाही, तिच्या दोन थरांत पातळ पडदा असतो. बाजूच्या काचेवर मारायचे, तेही मध्यावर नाही, कोपऱ्यात. हल्ली काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच दुहेरी येतात, म्हणून गाडी घेताना ते विचारून घ्यायचे. लेकीने नवी गाडी घेतली तेव्हा मी पेढ्यांबरोबर हातोडीही नेली. "आई, पूजा तरी होऊ दे," ती म्हणाली.

असो. त्या दुपारी सगळे सामान जमिनीवर मांडून झाल्यावर मी खाली जाऊन डिकीही उघडून आले. तिथे कुणी ठेवली कोण जाणे, एक मेणबत्ती सापडली. गाडीत मेणबत्तीचे कामच काय, आणि बंद गाडीत ती कोण पेटवणार! मे महिन्याच्या उन्हाने ती मऊ होऊन वाकली होती आणि नंतर तशीच घट्ट झाली होती, उसाच्या कांडीसारखी. ती वर घेऊन आले. पिशवी पुन्हा भरली: शिट्टी, चादर, चाकू, चिठ्ठी, रद्द झालेल्या चार नोटा. चिक्की नव्हती, सेल नव्हते, टॉर्च लिंबाच्या वासाचा होता. चेन ओढली तर ती अर्ध्यात अडकली. तेव्हा ती वाकडी मेणबत्ती दातऱ्यांवरून चार वेळा घासली आणि चेन सर्रकन वरपर्यंत गेली.

मेणबत्ती मी पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली. घड्याळात अजून पावणेतीनच वाजले आहेत.