नागनिका की नायनिका

आज लेकीच्या वर्गाच्या हजेरीत तिचं नाव 'नयनिका' लिहिलेलं निघालं. पोरगी घरी आली तीच रडवेली, म्हणे बाई म्हणाल्या नागनिका असं नाव नसतंच, आईकडून फॉर्म भरताना चुकलं असेल. फार लागलं मला. बारशाच्या वेळी पण हेच, पोरं नागीण म्हणून चिडवतील म्हणत सगळे मागे लागलेले आणि मी एकटी अडून बसलेले.

जेवणं झाल्यावर तिला मोबाईलवर नाणेघाटातले माझे फोटो दाखवले. जुन्नरकडून कोकणात उतरणारी सातवाहनांच्या काळातली वाट, वर तो जकातीचा दगडी रांजण आणि कातळात खोदलेलं लेणं. राणी नागनिका म्हणजे सातकर्णी राजाची बायको, एका महारठीची, म्हणजे सरदाराची मुलगी. २००० वर्षांपूर्वीचा लेख आहे तिथे, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, त्यात अश्वमेध, राजसूय, दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी, अगदी आकड्यांसकट कोरलंय सगळं. आणि मधेच राणीसाठी एक शब्द येतो, 'मासोपवासिनिय', महिना महिना उपास करणारी. एवढे यज्ञ, एवढं वैभव, आणि ही बाई घरात राहून तपस्विनीसारखी जगत होती. लेकीचं नाव मी ठरवलं ते त्या शब्दापाशी.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, आता पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात, पण वरची नावं टिकलीत. तिचं असं आहे, 'देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो'. आधी राणी, मग राजा! आणि नायनिका बरं का, प्राकृतात मधला ग जाऊन तिथे य येतो, नगरचं नयर होतं तसा. म्हणजे नाव नागावरूनच, डोळ्यांचा काही संबंध नाही.

"मग बाईंचं बरोबर?" लेक म्हणाली.

म्हटलं नाही गं, एक काना राहिला त्यांचा. उद्या जाऊन हजेरीतलं नाव नीट करून घेणारे मी, फोटो घेऊनच जाईन. तिला आता ते ब्राह्मीत लिहायचंय. क सोपा, बेरजेच्या चिन्हासारखा, न म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ. य मात्र जमेना, वहीचं अख्खं पान खोडून झालंय आणि झोपायचं नाव नाही.