वॅट कमी, सबुरी जास्त

पॉलिअ‍ॅनिलीन नावाचं वीज वाहणारं प्लास्टिक करायची सोपी वाट बीएस्सीच्या मुलांनाही माहीत असते. अ‍ॅनिलीन, आम्ल, अमोनियम परसल्फेट, की बीकरमध्ये गडद हिरवा गाळ. खरी मारामार पुढे, कारण हा गाळ बहुतेक द्रावकांत विरघळतच नाही. मग अमोनिया ओळखणाऱ्या सेन्सरच्या पट्टीवर तो पातळ, सलग चढवायचा कसा?

म्हणून आम्ही प्लाझ्माच्या, म्हणजे विजेने आयनीभूत केलेल्या वायूच्या, नादी लागलो. निर्वात चेंबर, नीडल व्हॉल्व्हमधून झिरपणारी अ‍ॅनिलीनची वाफ, जरासा आर्गॉन आणि १३.५६ मेगाहर्ट्‌झचा आरएफ (रेडिओ लहरींचा वीजपुरवठा). धुणं नाही, गाळणं नाही. एकमेकांत गुंतवलेल्या बोटांसारखे इलेक्ट्रोड असलेल्या पट्टीवर फिल्म थेट वाफेतूनच बसते आणि घट्ट चिकटते.

नवीन विद्यार्थ्याचा हात हमखास पॉवरच्या नॉबकडे जातो. "मॅडम, वॅट वाढवले तर थर लवकर चढेल ना?" चढेल की. पण चढेल ते काय? प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन साखळी जोडतात तसे अ‍ॅनिलीनचं बेंझिन वलयही फोडतात. एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट) काढला की सोंग उघडं पडतं. १५०० आणि १५८० सेमी⁻¹ च्या आसपासचे वलयांचे पट्टे खचतात आणि २२०० जवळ नायट्राइलचं (कार्बन-नायट्रोजन तिहेरी बंधाचं) शिखर डोकं वर काढतं. अशा फिल्मला पॉलिअ‍ॅनिलीन म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. नुसते वॅट सांगूनही भागत नाही. प्लाझ्मा पॉलिमरचे अभ्यासक यासुदांनी दाखवलं तसं, वाफेच्या दर ग्रॅममागे किती ऊर्जा पडते हे बघायचं. त्याच वॅटला वाफ कमी सोडली तर मोडतोड जास्त. पल्स मारून, म्हणजे प्लाझ्मा क्षणभर चालू, क्षणभर बंद ठेवून केलं तर वलयं बरीच शाबूत राहतात. वेळ लागतो, लागू दे.

चेंबरमधून निघालेली फिल्म जवळजवळ विद्युतरोधकच असते. तिला डोप करावं लागतं, म्हणजे वीज वाहावी म्हणून बाहेरचं रसायन मुरवावं लागतं. आयोडीनची वाफ दिली की रोध झपाट्याने उतरतो, पण आयोडीन हळूहळू उडून जातं आणि बेसलाइन (वायू नसतानाचं वाचन) सरकत राहते. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेने डोप केलेल्या फिल्मचं गणित अमोनियासाठी सरळ आहे: अमोनिया साखळीवरचा प्रोटॉन काढून घेतो, रोध वाढतो, ताजी हवा सोडली की प्रोटॉन बराचसा परत येतो.

हे सगळं कोरड्या नायट्रोजनमध्ये झकास चालतं. माझं भांडण तिथेच आहे. आलेख देखणे, पण आर्द्रतेचा उल्लेख नाही, असे पेपर मी बाजूला ठेवते. पाण्याचे रेणूही रोध हलवतात, आणि आपल्याकडे जुलैत लॅबमधल्या हवेलाच जणू पाझर फुटलेला असतो. शिवाय सेन्सर लागणार कुठे? अमोनियावर चालणाऱ्या कोल्ड स्टोरेजमध्ये, म्हणजे गार आणि दमट जागी. तिथे दिवसाच्या दहा तासांपर्यंतच्या कामासाठी अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस सरासरी २५ पीपीएमची (दहा लाख भागांत २५ भाग) आहे आणि ३०० पीपीएमला जिवाला धोका मानतात. दमट हवेत २५ ओळखता आलं नाही, तर नायट्रोजनमधलं १ पीपीएम काय चाटायचंय?

सध्या आमच्याकडे नियम असा: आधी नुसत्या दमट हवेचा आलेख, ३० ते ९० टक्के. तो दाखवल्याशिवाय अमोनियाच्या सिलिंडरला हात लावायचा नाही. मुलं कुरकुरतात.