कशावरून?

"दिवसभर दोरावर लटकलेले असता, मग अभ्यास करता कधी?" हे मला सारखं विचारलं जातं. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच, झाडांच्या छाटणी-तोडणीत हात बसलेले आणि नोकरी सांभाळून आर्बोरिकल्चरचा, म्हणजे झाडांची निगा राखण्याच्या शास्त्राचा वरचा अभ्यासक्रम करावा का, या विचारात पडलेले.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, रात्री अभ्यास होत नाही. पहिले दोन महिने मी हट्टाने रात्री बसलो. हार्नेसने कंबर आवळून निघालेली, चेनसॉची थरथर बोटांत उरलेली आणि समोर झाडातल्या जलवाहिन्यांचा धडा. तिसऱ्या ओळीला मान खाली. मग पहाटे साडेचारला उठायला लागलो. तासभरच, पण तो तास माझा. बुरशींची लॅटिन नावं साइटवर जाताना गाडीत पाठ केली. आणखी एक, नाव घालण्याआधी निबंध जमा करायच्या तारखा बघून घ्या. वादळांच्या दिवसांत रात्री-अपरात्री पडलेली झाडं हटवायची असतात, तेव्हा एक पानही लिहून होत नाही. वेळेचं रडगाणं एवढंच.

खरं जड गेलं ते लिहिणं. हाताला जे वर्षानुवर्षं कळत होतं, ते कागदावर उतरेना. पहिल्या अहवालात मी ठोकून दिलं, "बुंधा पोकळ आहे, झाड धोकादायक आहे, तोडावं." शिक्षकांनी समासात एकच शब्द लिहिला होता, "कशावरून?"

मला राग आला. पोकळ झाड पडतं हे शेंबडं पोरही सांगेल! पण उत्तर शोधायला बसलो आणि गणितात अडकलो. खोड वाकतं तेव्हा सगळा ताण बाहेरच्या कडेवर येतो, गाभ्यातलं लाकूड जवळजवळ बसून असतं. त्रिज्येचा ७० टक्के भाग पोकळ झाला, तरी गोल आणि अखंड खोड वाकण्याविरुद्धची जेमतेम २४ टक्के ताकद गमावतं. (०.७ चा चौथा घात करून बघा, मी तीनदा केला.) ८० टक्क्यांना मात्र तोच तोटा ४१ वर जातो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस मॅटेक यांनी मोडलेली आणि उभी राहिलेली झाडं तपासून सांगितलेली मर्यादा याच्या आसपासच येते. शिल्लक भिंत त्रिज्येच्या ३० टक्क्यांहून कमी झाली की सावध व्हायचं. म्हणजे त्रिज्या ५० सेंटिमीटर असेल, तर १५ सेंटिमीटर लाकूड. तोही आकडा डोळे मिटून वापरायचा नाही. भिंतीला भगदाड असेल तर हिशेब बिघडतो, आणि शेंडा उतरवलेल्या झाडाला वाराच कमी लागतो. माझं ते 'धोकादायक' झाड कदाचित माझ्यापेक्षा जास्त टिकलं असतं.

दुसरा फटका याहून जोरात लागला. अमेरिकेच्या वनसेवेत काम करणारे अ‍ॅलेक्स शिगो हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून आत कुजणं कसं पसरतं ते बघत. त्यातून १९७७ साली त्यांनी मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड तिला कोंडून टाकतं. वर-खाली, आत आणि बाजूला अशा तीन दिशांना आडकाठी उभी राहते. चौथी भिंत सर्वांत पक्की, ती जखमेनंतर येणाऱ्या नव्या लाकडाच्या सीमेवर असते. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा फुगीर वळ दिसतो, त्याला कॉलर म्हणतात. त्याच्या बाहेरून कापलं तर झाडाला ही तटबंदी उभारता येते. खोडालगत सपाट कापलं तर आपण खोडालाच जखम करतो. आणि मी काय शिकलो होतो? खोडालगत, गुळगुळीत, वरून डांबर. डांबराने कुजणं थांबत नाही, हेही त्याच पानावर वाचलं.

त्या आठवड्यात कामावर करवत चालेचना. जोडीदार खालून ओरडतोय आणि मी वर वळ चाचपत बसलोय. अभ्यास वाढला तसा कामाचा वेग कमी झाला. मालकाला ते आवडलं नाही, आणि त्याचंही चूक नव्हतं.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी एका जुन्या झाडाची पाहणी केली. छातीच्या उंचीवर ताटाएवढी सपाट जखम, कडेने साल गोल वळून आलेली, मध्ये डांबराचे काळे पोपडे. खालच्या ओठाला गॅनोडर्मा या लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची फळी. वरून तपकिरी, खालून पांढरी. पांढऱ्या बाजूवर नख ओढलं की तपकिरी रेघ उमटायची. नायलॉनच्या हातोडीने ठोकत गेलो. खांद्याच्या वर ठण्ण, जखमेशी भद्द. सगळं मापून, नकाशे काढून लिहिलं, "कुजण्याचं मूळ खोडालगत केलेल्या चुकीच्या छाटणीत आहे. छाटणी ९ वर्षांपूर्वीची."

मसुदा परत आला. ९ वर्षांखाली लाल रेघ आणि समासात तोच शब्द.

मी उत्तर लिहिलं, "कापणारा मीच."