मोदिकाची खरखरीत वडी, आव्होलाचा बदाम

इटलीच्या सिसिली बेटावर सिराकुसाहून मोदिकाला जाणारी गाडी डिझेलवर चालणारी, अगदी छोटी. फेब्रुवारीचे दिवस. आव्होला जवळ आलं तशी बदामाची झाडं दिसायला लागली. अंगावर एक पान नाही, नुसती पांढरी फुलं. बदामाला पालवीआधी फूल येतं हे ठाऊक होतं, पण काळ्या फांद्या अशा लगडलेल्या पाहिल्यावर आपण मोदिकाच्या चॉकलेटसाठी निघालोय हेच विसरायला झालं.

सिसिलीच्या या आग्नेय कोपऱ्यातली गावं १६९३च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली आणि बरोक या नक्षीदार युरोपीय वास्तुशैलीत पुन्हा उभी राहिली. मोदिका त्यातलंच, दरीच्या उतारांवर चढत गेलेलं. चर्चच्या पायऱ्या चढून आले, पण जीव खालच्या गल्लीतल्या कोकोच्या वासात अडकला होता.

तिथे एका छोट्या कारखान्यात चॉकलेटची वडी होताना पाहायला मिळाली. ही पद्धत स्पॅनिश राजवटीत आली असं सांगतात. पूर्वी कोको गरम केलेल्या दगडी पाट्यावर वाटत. आता यंत्रं आली, पण ऊब अजून बेताचीच, चाळीस-पंचेचाळीस अंशांची. तेवढ्यात कोकोतलं लोणी वितळतं, साखर मात्र दाणेदारच राहते. कामावरच्या बाईंनी घट्ट लगदा पत्र्याच्या साच्यांत भरला आणि साचे टेबलावर आपटायला घेतले. टक, टक, टक. लगदा कोपऱ्यांपर्यंत सरकला, वरची पाठ सपाट होऊन चमकायला लागली. १८७९ साली रोडॉल्फ लिंट यांनी चॉकलेट घोटायचं यंत्र काढलं आणि चॉकलेट म्हणजे मऊसूत हे जगभर ठरूनच गेलं. मोदिकाने ते घोटणं घेतलंच नाही. २०१८मध्ये या चॉकलेटला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं.

आधी साधी वडी खाल्ली. साखर दाताखाली करकरली, कडवटपणा रेंगाळला. मग बदामाची. आव्होलाचा ‘पिझ्झुता’ हा बदाम चपटा, लांबट, टोकदार. कवच भलतंच टणक. भाजलेला गर कडकन तुटला आणि तेव्हा मला ही जोडी इतकी का टिकली ते कळलं. चॉकलेट अंगच्या उबेनेच विरघळतं, जिभेला काही करावंच लागत नाही. बदाम चावावा लागतो. तो चावेपर्यंत चॉकलेट तोंडात थांबतं, बदामाच्या तेलात मिसळतं, आणि कडू-गोडाच्या मधोमध एक दुधाळ चव उमटते. शिवाय कोकोचं बी काय, बदाम काय, भाजल्यावरच खुलतात. तो खमंगपणा दोघांचा इतका सारखा, की एकाची चव कुठे संपली ते सांगता येत नाही. मी डोळे मिटून तीनदा प्रयत्न केला. बाई शेजारी उभ्या राहून वाट बघत होत्या, मग त्यांनीच आणखी एक तुकडा पुढे केला.

परतताना गाडी आव्होलाला थांबली तेव्हा अंधार पडला होता, फुलं दिसली नाहीत. पिशवीतली वडी काढली आणि बदाम जिथे वर आला होता तिथूनच मोडली.