लाली आणि लहान मुलं: अंतर कमी होतंय, पण तिच्या चालीने

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. लाली ही आमची कुत्री, आमच्याकडे मोठी झाल्यावरच आली, व्हेटच्या (प्राण्यांच्या डॉक्टरांच्या) अंदाजाने पाचेक वर्षांची असेल. मोठ्या माणसांशी एकदम गोड, पण तीन फुटी पोर दिसलं की शेपूट आत, अंग ताठ, आणि पोर अजून जवळ आलं तर गुरगुर. आजवर कोणाला चावलेली नाही आणि तशी वेळच येऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. पिल्लांना नवीन गोष्टी सहज पचतात तो काळ साधारण ३ ते १४ आठवड्यांचा, त्यात हिच्या वाट्याला काय आलं ते कळायला मार्ग नाही, पण एवढं नक्की की मोठ्या कुत्र्याची पाटी कोरी नसते. म्हणूनच घाई नाही.

सगळ्यात आधी, ट्रेनिंगच्याही आधी, व्हेटकडे पूर्ण तपासणी केली होती, कान, दात, सांधे सगळं. तर मागच्या पायांच्या सांध्यांत दुखणं निघालं. जिचं अंग दुखतंय तिला धडपडत, पडत, अंगावर येणाऱ्या पोराची भीती वाटणारच ना! औषध सुरू झाल्यावर भीती गेली नाही पण ती घराबाहेर जरा सैल झाली, आणि तिथून पुढे शिकवायला जागा मिळाली. ज्यांचा कुत्रा मोठेपणी अचानक मुलांवर चिडायला लागलाय त्यांनी तर हे आधी करा, प्लीज.

आता सध्याचं. आम्ही मैदानाच्या कडेला, मुलं खेळतात तिथून भरपूर लांब बसतो. लांब म्हणजे इतकं की तिला मुलं दिसतात, ऐकू येतात, पण ती खाऊ शकते, जमीन हुंगू शकते, माझ्याकडे वळून बघू शकते. मूल दिसलं की चिकनचा तुकडा, मूल दिसेनासं झालं की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा आहे बरं का, आधी मूल मग चिकन. उलटं झालं, म्हणजे तुम्ही पिशवीत हात घातला आणि नंतर मूल आलं, तर कुत्रा पिशवीलाच घाबरायला लागतो, कारण त्याच्या हिशेबी पिशवी हलली की काहीतरी वाईट येतं. आणि ट्रीट मिळवायला तिने बसलं पाहिजे, शांत राहिलं पाहिजे असली काही अट नाही, इथे आपण वागणं नाही तर भावना बदलतोय.

मी सगळ्यात जास्त बघते ते तिचं तोंड. लाली निवांत असली की तोंड थोडं उघडं, जीभ बाहेर, आणि मूल जरा जास्त जवळ आलं की पहिलं काय होतं तर तोंड मिटतं. बस, एवढंच. गुरगुर नाही, भुंकणं नाही, फक्त धाप थांबते आणि ओठ मिटतात. त्यानंतर मग ओठ चाटणं, उगाच जांभई, मान फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणं (पांढरं दिसतं तेव्हा), आणि मग एकदम स्तब्ध होणं. मी तोंड मिटलं की उठते आणि चार पावलं मागे घेते तिला, पुढच्या पायऱ्यांपर्यंत जाऊच देत नाही. दुसरी खूण म्हणजे ती तुकडा कसा घेते. एरवी ओठांनी अलगद घेणारी लाली बोटांना दात लावायला लागली की समजायचं, ताणाचं भांडं भरत आलंय, आज घरी.

आणि गुरगुरण्यावरून ओरडू नका हो कुणी. ती गुरगुरते म्हणजे सांगतेय. ते दाबून टाकलं तर भीती तशीच राहते आणि सांगणं तेवढं बंद होतं, मग लोक म्हणतात काही न सांगता चावला.

आता ज्याच्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते. सगळे सांगतात, मुलाच्या हातून खाऊ द्या, मैत्री होईल. मला हे अजिबात पटत नाही. घाबरलेला पण खादाड कुत्रा मान लांब करून, मागचे पाय मागेच ठेवून तुकड्यापर्यंत येतो, तुकडा संपतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण ज्याला घाबरतो त्याच्या अगदी तोंडापाशी उभे आहोत. शिवाय लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या चेहऱ्याच्याच उंचीवर असतो, त्यामुळे छोट्यांना चावे बहुतेक चेहऱ्या-मानेवर बसतात, आणि ते बऱ्याचदा ओळखीच्या कुत्र्याकडूनच. म्हणून आमच्याकडे उलटं चालतं, खाऊ मिळतो तो मुलापासून लांब. शेजारची सात वर्षांची मुलगी येते (तिची आई सोबत असते, लालीचा पट्टा माझ्या हातात, सैल), ती बाजूला तोंड करून झाडासारखी उभी राहते, हात खाली, डोळ्यात बघायचं नाही, आणि मी तुकडा लालीच्या मागे फेकते. लाली वळून जाते, खाते, आणि मग तिचं तिने ठरवायचं परत यायचं की नाही. न आली तरी चालतं! पण सध्या येतेय, स्वतःहून, अंग सैल सोडून डुलत, आणि परवा तर तिने त्या पोरीची चप्पल निवांतपणे हुंगली. मी काही बोलणार तेवढ्यात ती पोरगीच हळूच म्हणाली, "मावशी, बघ, तोंड उघडं आहे तिचं." इतका आनंद झाला मला, कारण कुत्रा वाचायला शिकलेलं मूल म्हणजे निम्मं काम झालं.

आवाजाचं वेगळं चाललंय. बाळ रडण्याचं, किंचाळण्याचं रेकॉर्डिंग घरी अगदी बारीक आवाजात, चाटायच्या मॅटसोबत. कान टवकारले आणि परत चाटायला लागली तर ठीक, चाटणं थांबलं तर आवाज जास्त आहे. ज्या दिवशी फटाके, व्हेट किंवा पाहुणे झालेत त्या दिवशी काहीच करायचं नाही, ताण एकावर एक साचतो आणि तो एका झोपेत उतरतोच असं नाही.

मझलही (चावता येऊ नये म्हणून तोंडाला लावायचं मुसकं) सुरू केलंय, जाळीचं, ज्यात तोंड उघडून धापता येतं, पाणी पिता येतं, ट्रीटही घेता येते. कापडी घट्ट नको, त्यात तोंडच उघडत नाही. आत्ता ती स्वतः नाक आत घालते आणि काही सेकंद ठेवते, बक्कल अजून लावलेलं नाही.

रांगणारी, दुडदुडणारी बाळं मात्र अजून लांबच आहेत. ती झाड होऊन उभी राहू शकत नाहीत, त्यामुळे तिथे मध्ये बेबी गेट असणारच आणि एक मोठं माणूस फक्त बाळासाठी, एक फक्त लालीसाठी. बक्कल लावून आरामात फिरायला लागली की मग गेटच्या पलीकडून सुरू करू. तुमच्यापैकी कोणी सांधेदुखीवाल्या कुत्र्यासोबत हे केलं असेल तर बसायला काय वापरलंत ते सांगा, लाली कडक जमिनीवर फार वेळ टेकत नाही आणि तिथेच आमचा वेळ कमी पडतोय.